माप

रविवारी उपासनेआधी, मागच्या पत्र्याच्या खोलीत
शलोमी आत्या आम्हा सात पोरांकडून
देवाचे गुण पाठ करून घ्यायची.
अनादि. अनंत. अविकारी. अदृश्य.
सगळे 'अ'ने सुरू,
जणू देव म्हणजे नाही-नाही म्हणत गेलेली यादी.
मग 'सर्व'ची ओळ : सर्वज्ञ, सर्वव्यापी, सर्वसमर्थ.
चुकलं की तळहातावर फूटपट्टी,
तीही बारा इंचांची. मोजकी.

"आत्या, सर्वव्यापी म्हंजे रंकाळ्यात पण?"
"व्हय."
"उद्यमनगरच्या भट्टीत पण?"
"व्हय."
"आणि पप्पांच्या दुकानात, कातड्याच्या वासात?"
आत्या थांबली. पदराने चष्मा पुसला.
"तितं तर पयला," म्हणाली,
आणि पुढचा गुण विचारला.

पप्पांना गुण पाठ नव्हते.
चप्पल लाइनीत शेवटून तिसरं दुकान,
पाटीवर 'बेथेल'.
गिऱ्हाइकं विचारत, हे कुठलं गाव?
पप्पा म्हणत, गाव न्हवं, घर.
एवढं बोलून खाली बसत, गुडघ्यावर,
वहीचं पान पावलाखाली सरकवत
आणि पेन्सिल उभी धरून कड काढत जात.
करंगळीपाशी आले की
भलेभले मिशाळ पैलवान पोरीसारखे हसत.

रेघेच्या आत बारीक अक्षरात :
उजवा अंगठा आत वळलेला.
डावा पाय सूतभर लांब.
टाचेला भेग, कड मऊ ठेवणे.
नाव कधीच नाही.
"नाव कशाला? पाय वळखतो मी."

मी बाराची असताना विचारलं होतं,
"पप्पा, देवाचं माप केवढं असंल?"
रापी थांबली नाही.
"त्यो कागदावर पाय ठेवतोय कुटं?"
बऱ्याच वेळाने, पट्टा ओवताना, दातात दोरा धरून :
"त्यो खाली बसतोय, पोरी.
कंबरंला रुमाल बांधून.
पाय आपण द्याचा."
हे आत्याच्या यादीत नव्हतं.
मी तिला सांगितलंही नाही. फूटपट्टीची भीती.

पप्पा गेले त्यानंतर चौथ्या वर्षी
नदी शाहूपुरीत आली.
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका,
बंधाऱ्यावरचा आकडा आम्ही
वचन ऐकावं तसा हात जोडून ऐकत होतो.
पन्नासनंतर कुणी ऐकेना.
कपाटातल्या वह्या, पप्पांच्या, अठ्ठावीस,
फुगून एकमेकींना चिकटल्या.
एक पान सोडवलं तर
चार माणसांची पावलं एकावर एक,
कुठली टाच कुणाची, ते कळणारा आता नव्हता.

आत्याला नावेतून काढलं. नव्वदीची.
शाळेच्या बाकावर, कुणाच्या तरी चादरीत,
ती बोटांवर गुण मोजत होती.
अनादि. अनंत. अविकारी.
सर्वज्ञ. सर्वव्यापी.
आणि तिथे थांबली.
पुढचा शब्द मला पाठ होता.
अंगठा बोटाच्या पेरावर तसाच राहिला.
मी आठवण करून दिली नाही.
बाहेर पाणी होतं.

"माझ्या चपला गेल्या गं," म्हणाली मग.
"तुझ्या बानं केलेल्या. शेवटच्या."

कागद नव्हता. मदतीच्या साबणाचा पुठ्ठा होता.
मी खाली बसले.
पाय सुजलेला, थंड, हातात मावेना.
पुठ्ठा दमट; पेन्सिल रुतायची,
रेघ तुटायची, पुन्हा जिथे तुटली तिथे टेकवायची.
माझे हात पप्पांसारखे नाहीत.
करंगळीपाशी आले
आणि आत्या, जिने आयुष्यात वर्गात कधी हसू दिलं नाही,
पाय मागे ओढून म्हणाली,
"हळू गं, गुदगुल्या हुत्यात."

पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात मी लिहिलं :
सूज आहे. कड मऊ ठेवणे.
आणि दुसरा पाय मागितला.