दोन्ही पत्रं माझ्याच अक्षरात

सकाळी मी सुधराईचा कारकून,
दुपारी तीननंतर मिलचा.
एकच बोरू, एकच दौत.
शेठ मंछाराम घेलाभाईही तसे एकच.
मांडवीपलीकडच्या कचेरीत पगडी चढवून अध्यक्ष,
विश्वामित्रीकाठच्या कारखान्यात बोडक्या डोक्यानं मालक.

लोक सांगत, पोरवयात ते दलालाच्या वखारीत
कापसाच्या ढिगावर झोपायचे, राखणीला.
मी विचारलं एकदा.
"झोपतो कसला, टिपणीस," म्हणाले, "सरकी टोचायची."

बॉयलर आला तेव्हा बारा बैलजोड्या होत्या.
वेशीच्या कमानीत तो अडकला
आणि दोन दिवस शहराच्या घशात
न चावलेल्या घासासारखा राहिला.
बायका येऊन त्याला कुंकू लावून गेल्या.
तिसऱ्या दिवशी कमानीचे चार चिरे काढायची परवानगी
शेठनी सुधराईकडे मागितली.
अर्ज मी लिहिला. मंजुरी मीच लिहिली.
तेव्हा हसू आलं होतं.

मग भोंगा.
आधी तोफेनं उठणारं शहर
त्याच्या आवाजानं उठू लागलं,
सुना, पुजारी, दूधवाले,
मिलशी काही देणंघेणं नसलेली माणसंसुद्धा.

त्यांनी रस्त्यांवर कंदिलाचे खांब लावले, हे खरं.
मुलींची शाळा काढली, आणि पहिल्या वर्षी
पटावर दोनच नावं होती, त्यातलं एक त्यांच्या नातीचं.
छप्पनच्या दुष्काळात दारात पेजेची कढई,
सकाळपासून रात्रीपर्यंत.
आणि त्याच महिन्यात मजुरीतून एक आणा कमी,
कारण कामाला हात फार झाले होते.
पेजेचा खर्च उजव्या पानावर आहे.
आणा डाव्या.

एका गुरुवारी डाही धोबीण आली
आणि मेजावर एक धोतर ठेवलं. निळसर.
"नीळ मी नाही घातली," म्हणाली, "नदीनं घातली."
धोतर कुणाचं, हे शेठनी विचारलं नाही.
काठ ओळखीचा होता.

*सुधराई कचेरीकडून मिलमालक यांस:*
*आपले रंगखात्याचे पाणी नदीत जाते, सबब खुलासा करावा.*

*मिलमालकांकडून अध्यक्ष, सुधराई यांस:*
*नोटीस पावली. नदी पूर्वीपासूनच गढूळ आहे.*

खाली एकीकडे मोडी सही, एकीकडे गुजराती.
दुसऱ्या सकाळी उत्तर त्यांच्यापुढे ठेवलं.
पगडी सारखी करून त्यांनी ते दोनदा वाचलं,
कपाळाला आठी घातली.
"हा माणूस खोटं बोलतो, टिपणीस. दंड लावा."
अकरा रुपये.
दुपारी मिलच्या तिजोरीतून मी ते काढले,
दुसऱ्या सकाळी सुधराईच्या तिजोरीत भरले.

पुढच्या महिन्यात पुन्हा.
तिसऱ्या वर्षी खतावणीत त्याला स्वतःची ओळ मिळाली:
तेल, सरपण, पट्ट्यांची चरबी, दंड.

ते गेले तेव्हा भोंगा तीन दिवस गप्प होता.
पहिल्या सकाळी अर्धं शहर उशिरा उठलं.
तिसऱ्या दिवशी मी नदीवर गेलो.
पाणी तळापर्यंत दिसत होतं,
आणि तळाशी, पायरीपासून चार हातांवर,
एक मगर. केव्हापासून होती कोण जाणे.
डाही वरच्या दगडावर धुणं आपटत होती.
"आज पांढरं निघतंय," मी म्हणालो.
"निघतंय की," ती म्हणाली.
"पण माझ्या मूळजीची तीन दिवसांची मजुरी बुडाली, ती कुठं मागू?"

कचेरीत परतलो. मेजावर त्या महिन्याची नोटीस होती,
जायच्या आदल्या दिवशी सही केलेली, मोडीत.
उत्तर द्यायचं होतं.
मी बोरू छाटला
आणि सवयीनं लिहिलं,
नोटीस पावली.
पुढं काय लिहायचं ते सांगायला
दुपारी तीनपर्यंत कोणी आलं नाही.