धावदोरा

नकाशावर ती रेघ तुटक होती.
आम्ही शिंपी, आम्हाला ती लगेच ओळखू आली:
धावदोरा. आधी कच्चा घालायचा,
अंगावर बसतंय का बघायचं,
मग पक्की शिलाई, मग कच्चा दोरा उसवून टाकायचा.
एवढंच, एदुविहेसबाई म्हणायच्या. त्याला वर्षं कशाला लागतात?

दुकान एकशे सोळाव्या स्ट्रीटवर, सेकंड अव्हेन्यूच्या कोपऱ्याशी.
मी काजं करायचो, बटणं लावायचो,
आणि आरशाशेजारच्या नकाशावर
दुपारची माशी त्या रेघेवरून जाताना बघायचो.
दोन स्टेशनं घ्यायची, मग हात चोळत बसायची.

एकदा खणलं होतं म्हणे. मग पैसे संपले,
आणि डांबराखाली बोगद्याचा एक तुकडा राहून गेला,
बाही शिवून ठेवली, अंगाला जोडलीच नाही, तसा.
वरून पंधरा नंबरची बस
थांब्याथांब्याला गुडघा टेकत, सुस्कारत.

योमायरा लग्नाचा झगा न्यायला आली तेव्हा म्हणाली,
पुढच्या वेळी गाडीनेच येईन, खालून.
परवा तिची मुलगी पंधरा वर्षांची झाली.
गुलाबी झग्याची कंबर आत घ्यायला
दोघी बसनेच आल्या, उशिरा.
तोवर गाडी शहाण्णवपर्यंत पोचली होती.
वीस स्ट्रीट उरले, बाई म्हणाल्या,
ठाण संपत आल्यावर बोलतात त्या आवाजात.

मग मार्चमध्ये कोवाल्चिक नावाचा माणूस आला.
पिवळं जाकीट, काखेत नकाशाची गुंडाळी, हातात पत्र.
पत्र उघडायच्या आत बाईंनी त्याला स्टुलावर चढवलं,
डाव्या पायाची दुमड सुटली होती त्याच्या.
तो उभ्याउभ्या वाचत राहिला:
मुदत, भरपाई, जागा रिकामी करणे, कलम अमुक, पोटकलम तमुक.
बाई खाली बसून, तोंडात टाचण्या धरून
हं, हं करत राहिल्या.

जिना कुठून?
टाचण्यांमधूनच विचारलं.
त्याने कापायच्या टेबलाकडे बोट केलं.
नाही, थोडं अलीकडे. इथे. आरशापाशी.
आरशातला कोवाल्चिकही बोट करून उभा,
एक पँट आखूड, एक लांब.

म्हणजे आली म्हणायची, बाई म्हणाल्या.
आणि मी इतकी वर्षं दाराकडे बघत होते.
ही तर फरशीतून निघणार.

दातांनी दोरा तोडला.
चार डॉलर झाले. त्याने पाचाची नोट काढली,
राहू द्या म्हणाला.
बाईंनी गल्ला उघडला,
जरा वेळ आत बघत राहिल्या,
आणि एक डॉलर परत दिला.