नारीन, रात्रपाळी

घोडीची लाथ. पोटावर साधा वळही नाही.
एल्दियार "पाणी" म्हणाला आणि पांढरा पडला.

रक्त उपसल्यावर खाली दिसलं आतडं,
हातभर, शिळ्या वांग्याच्या सालीसारखं,
मुकं.
त्याला पोसणारी धमनी मुळाशीच चिरडलेली.

बुरुलचाबाईंनी मांडीतली शीर घेतली, वीतभरही नाही,
आणि उलटी फिरवून जोडली,
कारण आतल्या झडपा रक्ताला
एकाच वाटेनं जाऊ देतात.
केसाहून बारीक दोरा. वीज दोनदा गेली.
दिवा माझ्या हातात होता.

चिमटा सोडला. काहीच नाही.
गरम ओली फडकी टाकून नुसते उभे राहिलो,
कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.
मग कडेकडेनं गुलाबी चढत आला
आणि आतडं हललं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

बाहेर बाप. उभा जन्म मेंढ्या सोललेला,
आतडी धुतलेला माणूस.
"रंग कुठला?" एवढंच विचारलं.
मी सांगितला.
तो जिन्यावरच बसला, टोपी काढून.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून निरोप धावत आला:
पोरगा पादला!
बाई हसल्या नाहीत,
पण चहात साखर तीनदा घातली.

आणि तो म्हणतोय म्हणे,
घोडी विकू नका.