दुपारचा रकाना

जयवंतने फ्रिजवर कागद चिकटवलाय,
मधोमध रेघ, पट्टीने मारलेली.
डावीकडे बीगल, उजवीकडे कॉकर स्पॅनियल.
जलखात्यात चोवीस वर्षं नकाशे काढले,
आता दुधाचा हिशोबही
पट्टीशिवाय होत नाही त्याच्याकडून.

मृण्मयी स्पॅनियलच्या बाजूने.
ते कान, म्हणते, आई, ते कान बघ,
वेणी घालता घालता कुणी उठून गेल्यासारखे.
निषाद बीगलच्या. कारण विचारलं
तर खांदे उडवतो. सतराव्या वर्षी
खांदे हेच कारण असतं.

कागद भरत गेला.
केस : दोघांचेही गळतात,
स्पॅनियलचे लांब, म्हणजे निदान दिसतील तरी.
कान : स्पॅनियलचे दर आठवड्याला पुसायचे,
आपल्या हवेत ओल धरते.
खाणं : बीगलला पोट भरलेलं कळत नाही.
(इथे पेन्सिलीने, निषादच्या अक्षरात : मलाही.)
वजन : बारा-तेरा किलो, दोघांचंही.
म्हणजे निषाद दोन वर्षांचा होता तेवढं,
हे मी मनात.

आवाज : इथे जयवंतने दोनदा अधोरेखित केलं.
बीगल नुसता भुंकत नाही, गळा काढतो.
आणि आपण चौदाव्या मजल्यावर, नव्या टॉवरात,
जिथे चेऊलकरांचा मिक्सर
आपल्या भिंतीत फिरतो.

दुपार कुणी लिहिली नाही.
साडेदहाला शेवटचा बूट घराबाहेर पडतो,
साडेपाचला पहिली बेल.
मधले सात तास तो कुत्रा कुणाचा,
हा रकाना पट्टीत बसला नसावा.

शनिवारी वसईला गेलो, बघायला.
घोन्सालविसांच्या वाडीत, केळीच्या आळ्यांपाशी
सोडलेली पिल्लं.
स्पॅनियलची एक आली, माझ्या चपलेवर
हनुवटी टेकून निजली.
इतकी शहाणी, की सगळे एकदम हळू बोलायला लागले.
मीच तिला थोपटलं नाही.
नव्या घरात पहिल्याच दिवशी
कुणाला अडचण होणार नाही असा कोपरा
न विचारता शोधणारी,
तिला मी कुठेतरी पाहिलं होतं.

बीगलचं पिल्लू तोवर माझ्या पिशवीत.
बाजारातून घेतलेल्या सुक्या बोंबलांची पुडी
तीन थरांखालून हुडकली त्याने.
काढून घेतली, तर ढुंगणावर बसलं,
मान वर केली,
आणि एवढ्याशा छातीतून असा हेल काढला
की विहिरीवरचे कावळे उठले.
घोन्सालविस हसले, हा गप राहायचा नाय, ताई.
जयवंतने माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे झालं, खोडला.

कन्नमवार नगरच्या जुन्या खोलीत
शेजाऱ्यांचा रेडिओ आम्हाला फुकट होता,
आमचं भांडण त्यांना.
तेव्हापासून वाटी पडली
तरी मी आधी दाराकडे बघते.
कुकरला तीन शिट्या होऊ देते,
चौथीच्या आत गॅस बंद.
मला एकही शिटी झालेली आठवत नाही.
आता दुपारी घर इतकं गप्प
की फ्रिज थरथरून थांबला तर दचकते,
आणि कागदाचं सुटलेलं टोक
जरासं हलतं.

आज तो काढून ओट्यावर घेतला.
आवाजाखाली दोन रेघा होत्याच.
मी तिसरी मारली, हातानेच, वाकडी,
आणि पुढे लिहिलं : हवा.

मृण्मयी वाचेल आणि विचारेल,
हवा म्हणजे कुठली, आई, खारी की कोरडी?
जयवंत पट्टी शोधेल.
चेऊलकर बाईंकडे मी स्वतः जाईन,
वाटीभर सांजा घेऊन, आधीच सांगून ठेवायला.

तोवर फिनेलची बाटली वरच्या फळीवर ठेवली.
सुके बोंबील
त्याच्याही वर.