साबण नको

माझ्या ओळखपत्रावरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं:
इनास मिस्कीटा.
त्याच्या तोंडात ते मेश्कीता झालं,
आडनावाला कुणी इस्त्री मारून आणावी तसं.
त्याला वाटलं, मी त्याच्याकडचा.
मी म्हटलं, मरोळ. गावठाण. विहिरीजवळचं घर.
तो मान हलवत राहिला.
त्याच्याही गावात विहीर असणार.

अदेलिनो सेर्केइरा. कागदावर पस्तीस,
गुडघ्यांत चाळिशीच्या पुढं.
दोन नंबरचा गोली.
मुंबईत दोन नंबरचा म्हटलं की लोक भलतंच समजतात,
मी जपून सांगायचो.

सामान म्हणजे एक बॅग, तीन जोड ग्लोव्हज
आणि एक टॉवेल, कडेला बॉलपेननं गावं लिहिलेला.
ओल्याँव. शावेश, म्हणजे म्हणे चाव्या. लार्नाका. लुआंडा.
मधे एक गाव, जिथला क्लबच बुडाला.
एक, जिथं तो अकरा महिने राहिला
आणि एकदाही मैदानात उतरला नाही.
सगळ्यांखाली, शाई अजून ओली वाटावी असं: बॉम्बाइम.
टॉवेल बादलीत टाकताना त्यानं बोट नाचवलं,
साबाँव नको.
साबण मला कळला. बादली त्याला.
बाकी सगळं हातवाऱ्यांनी.

कूपरेजवर सरावाला तो सगळ्यांच्या आधी.
गोलपोस्टला दोन्हीकडून हात लावून बघायचा,
भाड्याच्या घराचं दार नीट लागतं का बघावं तसा.
एक नंबरचा गोली मिझोरमचा, एकवीस वर्षांचा वाघ.
त्याला तो सगळं शिकवायचा,
कुठला चेंडू सोडून द्यायचा तेसुद्धा.
मी खुणेनं विचारलं, ह्याला तयार केलंस तर तुझं काय?
त्यानं खांदे उडवले
आणि बाकावर सरकून मला जागा दिली.

फेब्रुवारीत, एकाहत्तराव्या मिनिटाला, त्या पोराचं बोट निखळलं.
अदेलिनो उठला.
त्याची बाकावरची ऊब मी तळहातानं झाकून धरली,
का ते विचारू नका.
उरलेली एकोणीस मिनिटं
चेंडू त्याच्याकडं आलाच नाही.
एकदा आपल्याच माणसानं मागं दिला,
तो त्यानं दोन पावलं पुढं येऊन पायानंच परत केला.
पण ओरडत होता सारखा, डावीकडं, मागं, उजवीकडं,
सगळं त्याच्या भाषेत.
पोरांना कळत नव्हतं, वळत मात्र होतं.
शिट्टी झाली. एक-शून्य. जिंकलो.
ग्लोव्हज त्यानं माझ्या हातात ठेवले,
कोरडे, दुकानातून आत्ताच काढल्यासारखे.
मी ते तरीही धुतले.
खेळलेल्या माणसाचे होते.

मार्चमध्ये मालकांचा फोन लागेना.
दुभाषी मुलगी यायची बंद झाली.
ऑफिसच्या पायरीवर आम्ही दोघंच.
तो म्हणाला, पगार?
मी म्हटलं, पगार.
तेवढ्यात सगळं बोलून झालं.
एप्रिलात जाळ्या, खुर्च्या, बर्फाची पेटी, सगळ्याचा लिलाव.
तोही शब्द त्याला समजावावा लागला नाही.
पेटी तीनशेला गेली. चांगली होती.

जायच्या रात्री ओशिवऱ्याच्या खोलीची चावी
माझ्याकडं ठेवून गेला. मालक येईल, म्हणाला.
मालक आला, चावी घेऊन गेला,
विजेचं बिल माझ्या हातात देऊन.
टॉवेल राहिला.
विसरून की ठेवून, आता कुणाला विचारू?
कुणी म्हणतं तो मालदीवला आहे, कुणी म्हणतं टॅक्सी चालवतो.

परवा बायकोनं मला न विचारता तो मशीनमध्ये टाकला.
ओल्याँव गेलं. चाव्या गेल्या. लार्नाका, लुआंडा,
आणि ते अकरा महिन्यांचं गाव, सगळं पाण्यात.
बॉम्बाइममधला एक गोल तेवढा राहिलाय,
निळा, फिकट.

गच्चीवर वाळत घातलाय.
वारा आहे आज,
चार चिमटे लावलेत.