लाभ, दोन, तीन

कोपरखैरण्यात, आमच्या सेक्टरच्या बागेत
सकाळी सव्वासहाला मी चटई पसरतो,
कोपरं टेकतो, पोट आत ओढतो
आणि फळीसारखा ताठ राहायला बघतो.
मोबाईल सेकंद मोजतो.
बाविसाव्याला फळी वाकते.

बाकावर आबा. कानटोपी, हातात दुधाची पिशवी.
"हे कशापायी रं?"
"पोटासाठी."
ते हसत नाहीत.
पोटासाठी म्हटलं की त्यांना
मेढ्याहून सुटलेली रात्रीची एसटी आठवते,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मुकादमानं मानेवर चढवलेली पहिली गोण.
एकतीस वर्षं, ट्रक ते गाळा, गाळा ते टेम्पो.
मणके मोजून घ्यावेत अशी पाठ,
आणि पोट खपाटीला गेलेलं,
जणू आत काही ठेवायची परवानगीच नाही.

माझं महाप्याच्या काचेच्या इमारतीत
खुर्चीवर बसल्या बसल्या पिकलं.
चांभारानं पट्ट्याला तिसरं भोक पाडताना विचारलं,
"साहेब, पट्टाच नवा घ्या ना?"

आबांचं टक्कल गोणींमुळे, हे घरात ठरलेलं.
"मार्केटनं खाल्लं," ते सांगत,
पाहुणे माना हलवत,
आणि आई दुसऱ्यांदा चहा टाकी.
मग माझे गळायला लागले.
मोरीच्या जाळीत, अभ्र्यावर,
मुक्ताच्या गणिताच्या वहीत, अपूर्णांकांवर आडवा एक.

वाशीच्या शेनॉय डॉक्टरीणबाईंनी कपाळावर भिंग धरलं.
बोअरचं पाणी नाही, म्हणाल्या, हेल्मेटही नाही.
मूळ बारीक होत जातं,
दर खेपेला केस आधीपेक्षा मऊ,
शेवटी लव, मग तीही नाही.
रक्तातून येतं हे. वडिलांना आहे?
आहे, म्हटलं, पण त्यांचं वेगळं.
त्यांनी ओझी वाहिली.
बाई लिहिता लिहिता म्हणाल्या,
घासून तुटलेले बहुतेक परत येतात,
ओझं उतरलं की.

आबांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झालीत.

रिक्षात बसून विचार करत राहिलो,
हे सांगायचं कसं.
माणसानं जन्मभर एक रक्कम एका खात्यावर मांडलेली,
आणि पोरानं म्हणायचं, खातं चुकलं.
बाजारानं तुमचे दोन मणके घेतले,
डाव्या गुडघ्याची वाटी घेतली,
केस नव्हते घेतले.
आठ दिवस गप्प राहिलो.
औषधाची बाटली गिझरच्या मागे लपवली,
एकोणचाळीस वर्षांचा मी, बिडी लपवावी तशी.

आज फळी कोसळली
आणि तोंड चटईत असतानाच बोलून टाकलं.

दुधाची पिशवी या हातातून त्या हातात गेली.
"माझ्या बापाचं मुंडासं
कुणी उतरलेलं पाहिलं नव्हतं.
झोपायचा बी त्यातच.
गेला तवा आंघोळ घालायला मी सोडलं.
आत अस्संच."
थोडं थांबून,
"अन् डोक्यावर त्यानं मुंडाशाबिगर काही ठेवलं न्हाई.
हंडे, जळण, शेणाच्या पाट्या, सगळं आईनं वाहिलं.
तिची वेणी मरेस्तोवर कमरेखाली."

"मग मार्केटचं का सांगत होता?"

"काहीतरी सांगाया नको?"

मग गुडघ्यावर हात रोवून उठले,
कानटोपी काढून बाकावर ठेवली.
विजेच्या खांबाखाली आमची दोन डोकी,
एक काम पुरं झालेलं, एक चालू.
"हे पालथं पडून काय हुतंय? उताणा हो.
पाय धरतो."

त्यांचे तळवे अजून पोत्यासारखे खरखरीत.
मी उठलो.
"लाभ," ते म्हणाले.
पहिल्या गोणीला एक म्हणायचं नसतं.
"दोन."
"तीन."
सातव्याला मी आडवाच राहिलो, आभाळाकडे बघत.

"उठ," आबा म्हणाले,
"ट्रक भरलेलाच हाय अजून."