दोन मुठींची करवत

तिसऱ्या दिवशीही लाईट नाही.
हेस्कॉमची जीप चापगावच्या अलीकडं अडकलीय म्हणे.
फणस आडवा, निम्मा गोठ्यावर, निम्मा वाटेवर,
कुयऱ्या अजून खोडाला धरून,
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पोराचं हप्त्यावरचं कटर
दोनदा खोकलं आणि साखळी टाकून मोकळं झालं.
नवी साखळी बेळगावात,
बेळगावचा रस्ता झाडांखाली.

मग मी माळ्यावर चढलो.
खताच्या पोत्यात गुंडाळलेली,
गंजून चहाच्या रंगाची झालेली
दोन मुठींची करवत.
एका मुठीला माझ्या अंगठ्याची खोबण,
दुसरीला सातेरीच्या.
तो गेल्याला सात पावसाळे झाले.

रॉकेल कुठलं मिळायला आता? खोबरेल चोळलं,
कानशीनं एकेक दात उठवला.
जुनं हत्यार हातात घेतलं की
ते आधी तुमचं वय बघतं,
मग आपलं वजन सांगतं.

पण एकट्यानं ही चालत नाही.
पोरगा बसला समोर. दाबायला लागला,
पातं वाकून कण्हलं.
'ओढायची रे. परत जाताना सोडून द्यायची.
ढकललीस की रुसते.'
पोराला सोडायचं काही जमेना.

नीलव्वा आली होती कौलांचं विचारायला.
तिचे शंभरेक नळे उडालेत,
आमच्या परड्यात किती पडलेत बघत होती.
काही न बोलता तिनं पदर खोचला,
सातेरीच्या मुठीला हात घातला.
'एळी,' म्हणाली, 'बिडू.
एळी. बिडू.'

मी थांबलोच.
वीस वर्षं सातेरी हेच म्हणायचा खोडाच्या पलीकडनं.
त्याला कानडीत धड बाजार करता यायचा नाही,
आणि मी समजत होतो
ही करवतीचीच भाषा.

'तुमच्या आधी मीच होतो की या टोकाला,'
ती भुसा फुंकत म्हणाली,
'लग्नाच्या पहिल्या साली. घराचं आढं आम्हीच कापलाव.
मग थोरला पोटात आला,
आणि तुम्ही आलासा.'

म्हणजे ती खोबण
निम्मी तरी तिचीच असणार.

पिवळाधमक भुसा पायांवर साचत गेला.
चिकानं दात धरले की थांबायचं,
खोबरेल, पुन्हा एळी.
दुपारी खोड सुटलं, म्हशी बाहेर आल्या.
नीलव्वा दोन कुयऱ्या आणि अकरा नळे घेऊन गेली.
बाराव्याला चीर होती, तो नको म्हणाली.

सांजचं लाईट आली. गल्लीत पोरं ओरडली.
मी उंबऱ्यावर करवत पुसत होतो,
उजेडात दिसलं,
तीन दात अजून बोथट आहेत.